अनाथ मुलीची पत्रे

आम्ही ठाण्याला राहायला गेलो तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. माझे यजमान तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून नेमले गेले होते आणि मला मुलींच्या वसतिशाळेत शिकवायचे काम मिळाले होते. मंडळी म्हणजे जेमतेम दहा घरे. एक कोर्टातले थोरले कारकून, एक दवाखान्यातला कंपाउंडर, रेल्वेतली दोन माणसे, एक शिंपी आणि बाकीची बंगल्यांवर चाकरी करणारी. रविवारची उपासना शाळेच्या पडवीत होई. शेजारी भाताचे कोठार होते. तिथली पोती चढू-उतरू लागली की उपदेश करताना यांचा आवाज पोचत नसे, आणि पावसाळ्यात पडवीची एक बाजू सोडून सगळ्यांना दाटीवाटीने बसावे लागे.

तळ्याच्या काठी रोमी ख्रिस्ती लोकांचे जुने दगडी देऊळ होते. सणाला तिथे वाजंत्री वाजे, बायका नवी लुगडी नेसून जात. आमच्या मंडळीतली माणसे त्या रस्त्याने जाताना मान खाली घालत. "आपण प्रभूला पडवीत बसवलंय," असे कारकूनसाहेब दर बैठकीला म्हणत. आमचेही एक देऊळ असावे ही इच्छा यांची होतीच, पण कारकूनसाहेबांची ती इच्छा जिद्दीला पोचली होती. मंडळीच्या पंचांत ते सर्वांत वडील. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

शाळेत वीस-बावीस मुली होत्या. बहुतेक मोठ्या दुष्काळात सोलापूरकडून आणि नगरकडून आलेल्या. शाळा चालवीत मिससाहेब. उंच, सडपातळ, बोलायला कमी, आणि मुली आजारी पडल्या की स्वतः उशाशी बसणाऱ्या. प्रत्येक मुलीच्या नावाने विलायतेतले कोणीतरी वर्षाला ठरावीक रक्कम पाठवी. त्या माणसाला ती मुलगी वर्षातून दोनदा पत्र लिही. मुली मराठीत पाटीवर लिहीत आणि मी त्याचे इंग्रजी करीत असे, कारण मंडळीत बायकांपैकी इंग्रजी येणारी मी एकटीच होते.

त्यात एक मुलगी होती, तेव्हा दहाएक वर्षांची. डाव्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याचा लांबट डाग. शांत, पण अभ्यासात सगळ्यांच्या पुढे. तिची रक्कम पाठवणाऱ्या बाई वृद्ध होत्या, विधवा होत्या आणि त्यांना मूलबाळ नव्हते. नवऱ्याची लोकरीची गिरणी त्यांच्या वाट्याला आलेली होती. मुलीने पहिल्या पत्रात लिहिले होते की इथे भात देतात, मला भाकरी आवडते, शिवण येऊ लागले आहे. मी तसेच्या तसे इंग्रजी करून पाठवले. उत्तर चार ओळींचे आले.

दुसऱ्या पत्राच्या वेळी मी थोडे माझ्या पदरचे घातले. मुलीने लिहिले होते, "मी बरी आहे. तुम्ही बऱ्या आहात काय?" त्यापुढे मी लिहिले की मला या जगात कोणी नाही, देव आणि तुम्ही एवढीच माझी माणसे, रोज झोपताना मी तुम्हाला आई म्हणून हाक मारते. मला वाटले, यात खोटे ते काय? मुलगी अनाथ आहे, बाई एकट्या आहेत. त्या पत्राला सहा पानी उत्तर आले, सोबत गरम कापडाचे गाठोडे आले, आणि शाळेच्या दुधासाठी वेगळी रक्कम आली. मिससाहेबांनी माझा हात दाबला. तिथून पुढे मुलगी पाटीवर काय लिहिते ते मी नीट वाचेनाशी झाले.

पत्रांतून आमच्या पडवीची हकीकत कळत गेली आणि दोन वर्षांत त्या विलायतेतल्या बाईंनी देवळाचे मनावर घेतले. पायाभरणी त्या मुलीच्या हातून व्हावी असे त्यांनी कळवले. तिच्या गळ्यात झेंडूची माळ घालून आम्ही तिच्या हातून पहिला दगड ठेववला. पैसे एकदम येत नसत. पत्र गेले की थोडे येत. भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि काम थांबले. पुढची रक्कम मुलीची तसबीर आणि वाढदिवसाचे पत्र पोचल्यावर, असे बाईंनी लिहिले होते. मुलीचा वाढदिवस कोणालाच ठाऊक नव्हता. मिससाहेबांनी एक दिवस ठरवून टाकला होता.

त्या मार्गशीर्षात, मुली अंगणात तांदूळ निवडत बसल्या असताना, फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. हाडांचा सापळा, पायांना भेगा, काखेत फडक्याचे बोचके. मी पुढे होऊन विचारले, काय पाहिजे.

"माझी लेक हितं हाय म्हनं," ती म्हणाली.

मी तिला पडवीत बसवले, पाणी दिले. दुष्काळात ही सोलापूरकडच्या एका सरकारी कामावर खडी फोडायला होती. नवरा आधीच गेला होता. तिला पटकी झाली, तिला झोपडीच्या इस्पितळात नेले, आणि ती वाचून बाहेर आली तेव्हा मुलगा आणि मुलगी दोन्ही जागेवर नव्हती. दोन्ही मेली असे तिला सांगण्यात आले. चार वर्षे तिने तेच धरून काढली. मग तिच्या गावची एक बाई कल्याणच्या बाजूला रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायच्या कामाला आली. आमच्या मिससाहेब वर्षातून एकदा मुलींना गाडीने कल्याणला नेऊन तिथून शहाडकडे नदीवर फिरायला नेत. तिथे त्या बाईने या मुलीला पाहिले, गावाचे नाव विचारले, आणि मुलीने ते सांगितले. निरोप गावी पोचायला सहा महिने लागले.

मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली की लेकीच्या डाव्या हाताला तवा लागलेला आहे, मनगटाच्या वर.

मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवते ते असे की माझी नजर फाटकाबाहेर, त्या कमरेएवढ्या भिंतींकडे गेली.

मुलीला बोलावले. ती हातातले सूप घेऊनच आली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. बाईने तिला ओढून घेतले नाही; तिला तेवढे बळ नसावे. मुलीने सूप खाली ठेवले आणि विचारले, "आये, दादा कुठाय?" इतकी वर्षे ती आमच्यासारखे बोलत आली होती, पण हे ती तिच्या गावच्या बोलीत बोलली. बाईने नुसती मान हलवली. मग मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली.

संध्याकाळी पंच जमले. मिससाहेब होत्या, हे होते, कारकूनसाहेब होते, आणखी दोघे होते. मी दाराशी बसले. कारकूनसाहेबांनी कोर्टातल्यासारखे एकेक मुद्दा काढला. ही आईच कशावरून? डाग काय, कोणीही सांगेल. मुलगी सरकारी अधिकाऱ्याच्या हुकमाने शाळेच्या ताब्यात आलेली आहे. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे. तिला मूर्तिपूजकांत परत लोटणे म्हणजे तिच्या आत्म्याचा घात. आणि गावात बाटलेल्या पोरीला कोण जवळ करील, पाणवठ्यावर कोण येऊ देईल?

बाईला हे शेवटचे तेवढे समजले असावे. ती भिंतीला टेकून म्हणाली, "आमी तसंबी येशीभायरचीच. आमाला पानवटा कुटला?"

कारकूनसाहेबांनी दिव्याची वात वर केली.

मला एक गोष्ट आठवत होती आणि ती बोलायचे धैर्य होत नव्हते. आदल्या वर्षी एक पायाने अधू मुलगी आमच्याकडे होती. तिचाही बाप्तिस्मा झालेला होता. तिची रक्कम पाठवणारे गृहस्थ वारले आणि रक्कम बंद झाली. तेवढ्यात तिचा मामा म्हणवणारा एकजण आला. तो मामा होता की कोण, हे कोणी विचारले नाही. बैठक भरली नाही. एका दुपारी तिला एक लुगडे देऊन त्याच्याबरोबर लावून दिले. तिच्या आत्म्याची काळजी त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच वाटली नव्हती, मलाही नाही.

शेवटी यांनी तोडगा काढला. मुलगी आईला द्यायचीच, यात प्रश्न नाही. पण तसबीर आणि पत्र जाऊ द्यावे, रक्कम येऊ द्यावी, भिंती उभ्या राहू द्याव्या. तोवर बाईने शाळेतच राहावे, दळण-कांडण करावे, खावे-प्यावे. फक्त बाहेरच्या कोणाला ती मुलीची आई आहे हे सांगू नये. मिससाहेब बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत होत्या. मग त्या म्हणाल्या की बावीस मुलींचे दूध विलायतेतल्या त्याच बाईंच्या पैशाने येते, हेही आपण विसरू नये. ते खरे होते.

बाईला मी समजावून सांगितले. तिने विचारले, किती दिवस? मी म्हटले, दोन महिने, फार तर तीन. "चार वर्सं मेली म्हनून बसले," ती म्हणाली, "दोन म्हयन्यांचं काय." मी तिला शब्द दिला. तो मी दिला, यांनी नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून ती जात्यावर बसू लागली. मुलगी वर्गातून उठून पाणी प्यायच्या निमित्ताने दळणाच्या खोलीकडे जाई, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखे करी. इतर मुलींना सगळे ठाऊक होते. एवढ्या मुलींच्या तोंडावर हे गुपित राहायचे, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसे. फाटक वाजले की मी दचके. टपालवाला आला की हातातले काम ठेवून धावे. त्या आठवड्यात मुलींच्या धड्यात शलमोन राजाची गोष्ट येत होती, एका लेकरासाठी भांडणाऱ्या दोन आयांची. मी ती पाने सोडून पुढचा धडा घेतला.

वाढदिवसाच्या पत्राला बसलो तेव्हा मुलगी पाटी घेऊन माझ्यासमोर बसली. आता ती बारा वर्षांची होती आणि इंग्रजी तिला बऱ्यापैकी समजू लागले होते.

"बाई, मागल्या वेळी तुम्ही लिहिलेलं मी वाचलं होतं," ती म्हणाली. "मला कोणी नाही, असं. या वेळी पण तेच लिहायचं का?"

मी म्हटले, तू तुला वाटेल ते लिही, मी बघते. तिने पाटीवर लिहिले की थंडी पडली आहे आणि माझी तब्येत चांगली आहे. आईचे नाव तिने काढले नाही. मी कागद घेतला आणि नेहमीची ओळ लिहिली. माझे अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा सुंदर आले, हे मला चांगले आठवते.

तसबीर काढणारा मुंबईहून आला. मुलीला अर्धवट भिंतीपुढे उभे केले. तिच्या आईने सकाळी तिच्या डोक्याला तेल लावून वेणी इतकी घट्ट घातली होती की तिच्या भुवया ताणल्या गेल्या होत्या. त्या माणसाने काळ्या कापडाखाली डोके घातले तेव्हा बाई दळणाच्या खोलीच्या दारात उभी राहून पाहत होती. कारकूनसाहेबांनी हाताने तिला आत जायची खूण केली. ती आत गेली.

रक्कम आली, आणि अपेक्षेपेक्षा मोठी आली. भिंती वाशांच्या उंचीपर्यंत गेल्या. मला वाटले, सुटले. पण त्याच पत्रात विलायतेतल्या बाईंनी लिहिले होते की छपराचा खर्चही त्या देणार आहेत, आणि पुढे मृत्युपत्रात मुलीच्या शिक्षणासाठी आणि त्या देवळासाठी मिळून काही ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. कारकूनसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. दुसऱ्याच दिवशी ते कल्याणला जाऊन लाकडाच्या वखारीत सागाच्या वाशांचा इसार देऊन आले. आता छप्पर होईपर्यंत तरी मुलीला हलवता येणार नाही, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. यांनी मान हलवली नाही आणि विरोधही केला नाही.

रविवारच्या उपदेशात हे तेव्हा देवळाखेरीज दुसरे काही बोलत नसत. आजाऱ्यांना भेटायला जाणे थांबले होते. शिंप्याची बायको बाळंतपणात तीन आठवडे पडून होती, तिच्याकडे हे एकदाही गेले नाहीत. त्या वेळात ते चुन्याच्या भट्टीवर असत. हा माणूस स्वतःचे जोडे स्वतः शिवून घालणारा होता. त्याला स्वतःसाठी काही नको होते. त्यामुळेच मला भीती अधिक वाटे, कारण स्वार्थ असता तर मी त्याच्याशी भांडले असते.

फाल्गुनात विलायतेहून हिंडायला आलेले एक जोडपे मिससाहेबांकडे आले. ते त्या वृद्ध बाईंच्या गावचे होते आणि परत जाऊन त्यांना सगळे सांगणार होते. तीन दिवस आधी आम्हाला कळले. ते तीन दिवस मला अन्न गेले नाही. बाईला दिवसभर आत ठेवायचे ठरले होते. पण पाहुण्यांना फाटकाशीच चक्कर आली, म्हणजे त्यातल्या मडमेला, ऊन सोसले नाही म्हणून. कोणीतरी पाणी आणा म्हणून ओरडले आणि बाई तांब्या घेऊन धावत आली. तिने मडमेच्या डोळ्यांवर पाणी लावले, पदराने वारा घातला. मुलगी शेजारीच उभी होती. दोघींचे तोंड एका साच्यातले, कोणाच्याही ध्यानात यावे असे.

मडम सावध झाली. तिने हसून मला विचारले, ही भली बाई कोण?

मी इंग्रजीत म्हटले, "आमची दळण दळणारी मोलकरीण."

बाईला ते समजले नाही. ती हसत उभी होती. मुलीला समजले. तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी सावरले असते. ती जणू अभ्यासातली एखादी गोष्ट नीट लक्षात ठेवत होती, तशी पाहत होती.

पाहुणे गेल्यावर बाई माझ्यापाशी आली. ती कधी स्वतःहून बोलत नसे. ती म्हणाली, "बाई, तुमी सबूद दिल्ता." एवढेच म्हणून ती परत जात्याकडे गेली.

मी घरी आले तेव्हा हे देवळाचा नकाशा पसरून बसले होते. मी त्यांना पाण्याची सगळी हकीकत सांगितली. मी काय उत्तर दिले तेही सांगितले. त्या अधू मुलीची गोष्ट, जी मी बैठकीत गिळली होती, तीही काढली. त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

"अगं, मी डोळे मिटले की मला छप्पर दिसतं," ते म्हणाले. "त्या बाईचं तोंड दिसत नाही. हे बरं नाही, एवढं मला कळतं. पण दिसत नाही त्याला मी काय करू?"

मी म्हटले, "मग मी सांगते ते करा. तुमच्या डोळ्यांवर सोडू नका."

त्या रात्री काही झाले नाही. सकाळी मी शाळेत गेले, मुलीला जवळ बसवले आणि दोघींनी मिळून पत्र लिहिले. या वेळी तिने पाटीवर जे लिहिले त्याचेच इंग्रजी केले. तिची आई जिवंत आहे, मार्गशीर्षात आली, जात्यावर बसते. त्याखाली मी माझ्या नावाने लिहिले की आजवरच्या पत्रांतली 'मला कोणी नाही' ही ओळ माझी होती, मुलीची नव्हती. पत्र मी स्वतः टपालात टाकून आले, आणि टाकल्यावर मगच मिससाहेबांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी मला का नाही सांगितलं?" मी म्हटले, आधी सांगितले असते तर तुम्ही मला थांबवले असते आणि मी थांबले असते. त्यांनी ते नाकारले नाही.

पुढच्या रविवारी यांनी उपदेशाच्या जागी उभे राहून मंडळीला सगळे सांगितले. मुलगी उद्या आईबरोबर जाईल, हा निर्णय माझा आहे, छप्पर होईल तेव्हा होईल, असे ते म्हणाले. कारकूनसाहेब उपासना संपायच्या आत उठून गेले. त्यांच्यामागे दोन घरे गेली. कोठारात पोती पडत होती आणि उरलेल्यांना गीत म्हणताना सूर लावता येईना.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींना पोचवायला कल्याणपर्यंत गेले, कारण तिथून घाटाकडची गाडी बदलायची होती. मिससाहेबांनी मुलीला दोन पुस्तके, एक घोंगडी आणि तिकिटाचे पैसे दिले होते. मुलगी आनंदात जात होती असे मी लिहिले तर ते पुन्हा एक खोटे पत्र होईल. ती रडली नाही. फलाटावर ती आईपासून हातभर अंतरावर आणि माझ्यापासूनही हातभर अंतरावर बसली. मी विचारले, भीती वाटते का? ती म्हणाली, तिकडे शाळा नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, आई फार खोकते. गाडी आली तेव्हा बाईने माझ्या पायांना हात लावला, आणि मला मागे सरकायलाही जागा नव्हती.

नंतरचे दोन महिने कसे गेले ते सांगता येत नाही. विलायतेचे टपाल दर आठवड्याला येई. कारकूनसाहेब रस्त्यात भेटले की वळून दुसऱ्या बाजूने जात. वखारवाल्याने इसार परत द्यायला नकार दिला. वैशाखात उत्तर आले, ते मला नव्हते, मिससाहेबांना होते. त्यांनी ते मला वाचायला दिले. बाईंनी रागाचा एकही शब्द लिहिला नव्हता. मुलीला आई मिळाली याचा आनंद आहे, असे होते. पुढे होते की ती पत्रे त्यांनी आपल्या देवळात दर वेळी मोठ्याने वाचून दाखवली होती, ऐकून लोकांनी वर्गण्या दिल्या होत्या, आणि आता त्या लोकांपुढे उभे राहणे त्यांना कठीण आहे. यापुढे त्या आपली मदत दुसऱ्या एका देशातल्या अनाथांना देतील. देवाने आम्हा सर्वांना क्षमा करावी.

छप्पर झाले नाही. त्या पावसाळ्याआधी आम्ही भिंतींवर माडाच्या झावळ्या घातल्या. आषाढात त्या उडाल्या आणि मंडळी पुन्हा पडवीत आली. पुढे कधीतरी, आमची कल्याणला बदली झाल्यावर, दुसऱ्या कोणाच्या पैशाने तिथे छपराला लोखंडी पत्रे घातले म्हणे. यांनी ते देऊळ पुरे झालेले पाहिले नाही आणि पाहायची इच्छाही दाखवली नाही. शेवटच्या आजारात मात्र एकदा त्यांनी मला विचारले की शिंप्याची ती बायको अजून ठाण्यातच असते का. मी म्हटले, असते. "तिच्याकडे जायचं राहिलं," ते म्हणाले.

मुलीला मी तीन पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. तिच्या गावी टपाल जाते की नाही हेही मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी माझ्या घरी एक बाई आली. इस्पितळात परिचारिका आहे, नीटनेटकी, चष्मा लावलेली. तिने ओळख दिली तेव्हा कळले की ती त्याच शाळेतली. त्या उन्हाळ्यात दूध बंद झाले होते, आणि खर्च झेपेना म्हणून सहा मुलींना लांबच्या दुसऱ्या शाळेत पाठवावे लागले होते. त्यातली ही एक. तिथे त्यांच्यातल्या एकीला क्षय होऊन ती गेली.

चहा घेताना ती म्हणाली, "आम्हाला तेव्हा सांगितलं होतं की पाळकीणबाईंनी एक पत्र लिहिलं, म्हणून दूध बंद झालं."

"खरं होतं ते," मी म्हटले.

तिने बशी खाली ठेवली. लहानपणी तिला माझा फार राग येत असे, असे तिने सांगितले. मग म्हणाली की तिलाही शाळेत असताना वाटायचे, आपलीही आई एखाद्या दिवशी फाटकाशी येईल, आणि त्या वर्षानंतर ती रोज फाटकाकडे पाहत असे. तिची आई आली नाही. आली असती तर मी काय केले असते, असे तिने मला विचारले नाही. माझ्या मनाने मात्र ते विचारले, आणि तिचीही रक्कम तेव्हा चांगली येत होती हे मला लगेच आठवले. मी तिला आणखी चहा विचारला. ती नको म्हणाली, तिची गाडी होती. दारापर्यंत गेल्यावर ती थांबली आणि त्या मुलीचे पुढे काय झाले, ते विचारले.

मला माहीत नाही, असे मी तिला सांगितले.